बटाट्याच्या शेतातली पांढरी रेषा

सप्टेंबर लागला की आमच्या घरामागच्या मैदानावर टाउनशिपचा एक माणूस चाकांचं यंत्र ढकलत येतो आणि गवतावर पांढऱ्या रेषा ओढत जातो. आधी लांब रेषा, मग आडव्या, मग मधलं वर्तुळ. ओल्या गवताचा आणि रंगाचा मिळून एक वास सुटतो. दरवर्षी तो वास मला कारची काच खाली केली की मिळतो. या वर्षी तो खिडकीतून आला, कारण मी खिडकीशी बसलेय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काही आठवडे ड्राइव्ह करायचं नाही, असं सर्जननं बजावलंय, आणि ॲन आर्बरहून आमची लेक मुक्ता रोज फोनवर तेच बजावते. "आई, प्लीज, जस्ट सिट. इट्स ओन्ली अ फ्यू वीक्स."

जस्ट सिट म्हणायला हिच्या बापाचं काय जातं? बाप तर इथेच असतो. चहाचा कप माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "किती बघशील खिडकीतून? टीव्ही लावू का?"

मला टीव्ही नको असतो. मला बसणं सोसत नाही, एवढंच. एकदा आयुष्यात फार बसून झालंय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, अमेरिकेतल्या याच वेस्ट विंडसरमधली, आणि तीही अशाच पानं पिकायच्या दिवसांतली.

तेव्हा आम्ही एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापुरात मी श्रीकांतला 'अहो' म्हणायचे. इथे हाक ऐकायला तिसरं माणूसच नव्हतं, तेव्हा 'अहो'चं 'अरे श्री' कधी झालं ते कळलंही नाही. श्री सकाळी आमची एकुलती एक कार घेऊन लॅबला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. माझा व्हिसा डिपेंडंटचा, म्हणजे नोकरी करायची नाही. लायसन्स नाही, म्हणजे कुठे जायचं नाही. दोन खोल्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत तपकिरी कार्पेट. त्या कार्पेटवर पावलाचा आवाजच होत नसे. दिवसभर घरात फिरले तरी मीच मला ऐकू यायची नाही. शेवटी मी ट्रंकेतून लग्नातले पैंजण काढले आणि घालून हिंडायला लागले. संध्याकाळी श्रीच्या कारचा आवाज आला की काढून ठेवायचे. वेड लागलं म्हणेल, ही भीती.

एक दिवस मात्र राहवलं नाही. खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. फुटपाथ नव्हताच, डांबर संपलं की गवत, गवत संपलं की नाला. कोपऱ्यापर्यंत पोचले असेन नसेन, तोच पोलिसांची गाडी हळू होत शेजारी थांबली. आतला माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅम, आर यू लॉस्ट?" मी हरवले नव्हते. अपार्टमेंटचं छप्पर तिथून दिसत होतं. पण गणवेशातल्या माणसाला नाही म्हणायची सवय नसल्यामुळे माझ्या तोंडून "यस सर" निघून गेलं. मग त्या भल्या माणसानं मला मागच्या सीटवर बसवलं आणि दारापर्यंत आणून सोडलं. खालच्या मजल्यावरची बाई पडदा बाजूला करून बघत होती.

श्रीला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "पोलिस? सुनंदा, आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे, कळतंय ना तुला? काही झालं तर लॅबवाले हात वर करतील. प्लीज, एकटी बाहेर पडू नकोस."

"मग मला ड्राइव्ह करायला शिकव."

"शिकवतो ना. ग्रीन कार्ड येऊ दे. आणि अगं, कार एकच. तू ड्राइव्ह करून जाणार कुठे?"

खरंच, कुठे? या प्रश्नाचाच मला जास्त राग आला. श्री दुष्ट नव्हता. ग्रीन कार्डापायी लॅबनं मान धरली होती म्हणून तो घाबरलेला होता, रविवारीसुद्धा कामावर जात होता. पण घाबरलेल्या माणसाच्या घरात राहणं म्हणजे काय, ते राहिल्याशिवाय कळत नाही.

खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा, त्यापलीकडे मेपलची रांग. ती झाडं पिवळी व्हायला लागली तेव्हा मला कोल्हापूरचं मैदान आठवायचं. तिथे फुटबॉल पेठांचा असतो. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीचा संघ, आणि सामन्याच्या दिवशी सख्खे साडूसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तरुणपणी खेळले आणि नंतर रेषेवर झेंडा घेऊन उभे राहायला लागले. त्यांच्या बोटाला धरून मी मैदानात जायचे. पोरीची जात, तिथे काय काम, असं आत्या म्हणायची. आबांनी मला ऑफसाइड शिकवला तो स्वयंपाकघरात, आईच्या वाट्या मांडून. ही वाटी गोलकीपर, ही त्यांचा शेवटचा गडी. आपल्यातल्यानं पुढं चेंडू मारला, त्या क्षणी आपला गडी या वाटीच्या पलीकडं उभा असला की झेंडा वर. "चेंडूकडं बघू नगंस बाळे," आबा म्हणायचे. "चेंडूकडं सगळं गाव बघतंय. तू शेवटच्या गड्याकडं बघ."

ते ज्ञान अमेरिकेत कामी येईल, असं कोणाला वाटलं असतं? पण आलं, आणि तेही लाँड्रीत. अपार्टमेंटच्या तळघरात कपडे धुण्याची मशीन्स होती. तिथे शेजारच्या इमारतीतली इलोना नावाची हंगेरियन बाई चिखलानं माखलेल्या जर्सी मशीनमध्ये कोंबत असायची आणि कोंबताना त्यांच्याशी भांडत असायची. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं जमलं. तिचा नवरा लास्लो आणि त्याचे मित्र यांचा एक फुटबॉल क्लब होता. रविवारी पंचानं त्यांचा गोल रद्द केला होता आणि का केला, ते तिला अजून कळलं नव्हतं. मी डिटर्जंटच्या बाटल्या मशीनवर मांडल्या. ही गोलकीपर, ही शेवटचा गडी. इलोना बाटल्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "तू रविवारी ये. आमच्याकडे झेंडा धरायला माणूस नाही."

त्याचं असं होतं की मोठ्या लीगमध्ये तीन पंच असतात. आमच्या तळातल्या लीगमध्ये एकच यायचा, आणि रेषेवर उभं राहायला दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. ते काम कोणालाच नको असायचं. आपल्यांनी शिव्या घालायच्या आणि परक्यांनीही.

क्लबची जन्मकथा मला तुकड्यातुकड्यांनी कळली. चर्चच्या तळघरात पत्ते खेळणारी ही मंडळी: लास्लो बेकरीवाला, कोणी गवंडी, कोणी प्लंबर, हंगेरीचे, पोर्तुगालचे, इटलीचे. आसपासच्या शाळांच्या मैदानांवर अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल. यांना जागा कोण देणार? शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपल्या बटाट्याच्या शेताचा पडीक तुकडा दिला. यांनी तो सपाट केला, गवत पेरलं. प्लंबरनं पाण्याच्या पाइपांचे गोलपोस्ट जोडले. घाई इतकी, की जमिनीतले बटाटे नीट काढलेच नाहीत. पहिल्या मोसमात गोलच्या तोंडाशीच बटाट्याची रोपं उगवली. गोलकीपरला ती उपटवेनात, म्हणून तो त्यांना वळसा घालून खेळायचा. लीगमधले सगळे क्लबला 'पोटॅटोज' म्हणून चिडवायचे. यांनी चिडायचं सोडून इलोनाकडून प्रत्येक जर्सीच्या छातीवर एक तपकिरी बटाटा शिवून घेतला. हे ऐकलं आणि मला ती माणसं आमच्या पेठेतलीच वाटली.

श्रीनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण इलोना स्वतः दारात येऊन उभी राहिली, आणि घरी आलेल्या बाईला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तिच्या लांबलचक स्टेशन वॅगनमधून मी मैदानावर गेले. अंगात सलवार-कमीज, वर श्रीचा स्वेटर, पायात श्रीचे बूट, बुटांत पुढे कोंबलेले मोजे. सोबत नारळ. आमच्याकडे मोसमाचा पहिला नारळ मैदानात वाढवल्याशिवाय चेंडूला पाय लावत नाहीत. एडिसनला ओक ट्री रोडवर तेव्हा आपली दुकानं बोटांवर मोजण्याइतकी होती; तिथून श्री महिन्याचं सामान आणायचा, त्यातला तो नारळ. दगड दिसेना, म्हणून मी तो गोलपोस्टवरच आपटला. पोकळ पाइप असा घणघणला की लास्लो धावत आला. "माझा पोस्ट!" म्हणून ओरडला. मग मी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्या दिवशी आम्ही जिंकलो. पुढच्या सामन्याला मी उतरल्याबरोबर अकरा जणांनी आधी माझ्या पिशवीकडे बघितलं. नारळाशिवाय खेळायची त्यांची छाती होईना. श्री कुरकुरत का होईना, नारळ आणत राहिला.

झेंडा इलोनानं जुन्या पडद्याचा शिवला होता, केशरी, झाडूच्या दांड्याला खिळे मारून लावलेला. माझी हद्द ठरलेली होती: मधल्या रेषेपासून कोपऱ्यापर्यंत, अर्ध्या मैदानाची कड. तेवढंच पुढे, तेवढंच मागे. रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. हसू येण्यासारखीच गोष्ट होती. घरातही मी अशीच भिंतीपासून भिंतीपर्यंत जात होते. पण इथे पायांखाली जमीन वाजायची. वाळलेली पानं कुरकुरायची, गडी एकमेकांवर चार भाषांत ओरडायचे, वारा कानात शिरायचा. मानुएल नावाचा पोर्तुगीज गवंडी आमचा गोल मारणारा. हाफ टाइमला तो माझ्यासाठी घडीची खुर्ची उघडून ठेवायचा आणि "मिसेस, सिट" म्हणायचा. मी बसायची नाही. बसायला अख्खा आठवडा होता.

आणि तो आठवडा पूर्वीपेक्षा वाईट जायचा. बाहेरची हवा लागल्यापासून कार्पेट अंगावर यायला लागलं. सोमवारी खिडकीशी उभं राहून मी रविवारची वाट बघायचे, आणि याची लाजही वाटायची. एवढी एम.ए. झालेली बाई, आणि दुसऱ्याच्या गाडीच्या हॉर्नवर जीव टांगून बसलीय. इलोनानं हॉर्न वाजवला तर मी बाहेर, नाही वाजवला तर आत. दाराला कुलूप नव्हतं, तरी किल्ली तिच्या हातात होती.

नोव्हेंबरात मोसमाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर वरच्या गटात. क्लब सुरू झाल्यापासून असा दिवस उगवला नव्हता. लास्लोनं बेकरी बंद ठेवली होती. बायका-मुलं ब्लँकेटं पांघरून रेषेमागे बसली होती. त्या दिवशी नारळ कुजका निघाला. आमच्याकडे अशा वेळी 'देवाला पोचला' म्हणून समजूत घालतात. मीही तसंच सांगितलं. कोणाला पटलं नाही.

सामना बरोबरीत अडकला. दुसऱ्या हाफमध्ये आमचे लोक माझ्या बाजूच्या गोलवर चाल करत होते. अगदी शेवटी मधून लांब चेंडू आला आणि मानुएल धावला. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं. मी सवयीनं त्यांच्या शेवटच्या गड्याकडे बघत होते. चेंडू सुटला त्या क्षणी मानुएल त्याच्या पुढे होता. थोडासाच, पण पुढे. माझ्याशिवाय ते कोणाला दिसलं नसतं. पंच लांब होता, धापा टाकत होता.

डोळ्यांची पापणी लवते तेवढाच वेळ होता. तेवढ्यात मला स्टेशन वॅगन दिसली, हॉर्न ऐकू आला, सोमवारची खिडकी दिसली. झेंडा वर गेला तर हे दार बंद, हे मला स्वच्छ कळत होतं. हात जड झाला, हेही खरं. पण खोटं पाहून मिळालेला रविवार घेऊन मी करणार काय होते? त्या रेषेवरच तर मी कोणीतरी होते; घरात डिपेंडंट होतेच की. झेंडा वर गेला. मागे चेंडू जाळ्यात आदळला आणि मंडळी ब्लँकेटं उडवत नाचायला लागली. मग एकेक जण थांबला, कारण पंच माझ्याकडे बघत होता.

गोल रद्द झाला. सामना बरोबरीतच सुटला. आम्ही तळातच राहिलो.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मानुएलनं खुर्ची मिटली आणि माझ्याकडे न बघता गाडीत टाकली. परतताना इलोना वायपर लावून बसली होती. काच कोरडी होती, तरी. उतरताना मी "बाय" म्हटलं, तिनं मान हलवली. रात्री जेवताना श्री म्हणाला, "अगं, त्यांचाच क्लब, त्यांनीच नेलं तुला. तुला काय पडलं होतं? हात खाली राहिला असता तर कोणाला कळणार होतं?" मी भात कालवत राहिले. खेळ कळतो मला आणि शहाणपण शिकवणार हा, असं वाटून रडू आलं. नारळ वाढवणारीच्याच हातात नारळ दिला म्हणायचा.

पुढच्या रविवारी जाळी उतरवायची होती. मोसम संपला की सगळ्यांनी जमायचं, जाळी काढायची आणि इलोनाचं बटाट्याचं गरम सूप प्यायचं, हा क्लबचा रिवाज. "तुलाही यायचंय," असं इलोनानं मला ऑक्टोबरात बजावलं होतं. श्री लॅबला गेला होता. मी सकाळपासून तयार होऊन खिडकीशी उभी. इलोना खाली आली, टॉवेलात गुंडाळलेलं मोठं पातेलं तिनं मागे ठेवलं, एकदा वर बघितलंसं वाटलं. मग गाडी पार्किंग लॉटमधून बाहेर पडली. हॉर्न वाजला नाही.

किती वेळ मी तशी उभी होते, ठाऊक नाही. एकदा पैंजणांकडे हात गेला. तेव्हा मात्र माझाच मला राग आला. मी कोट चढवला, श्रीचे बूट घातले, बुटांत मोजे कोंबले आणि खाली उतरले.

गवतावर दव गोठलं होतं. शेजारून कार सूं सूं करत जात होत्या. एकानं कर्कश हॉर्न दिला. मी नाल्याच्या कडेनं चालत राहिले. कोपरा आला, मागे पडला. पुढच्या वळणावर पोलिसांची गाडी हळू झाली. तोच माणूस होता की दुसरा, देव जाणे. काच खाली आली.

"मॅम, आर यू लॉस्ट?"

श्रीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, ते न आलेलं कार्डही आलं. "नो," मी म्हटलं. "आय ॲम गोइंग टू द ग्राउंड." त्यानं दोन बोटं टोपीला लावली आणि तो निघून गेला. इतकंच होतं ते. इतक्यासाठी मी महिनेच्या महिने घरात बसले होते.

मैदानावर पोचले तेव्हा पाय दुखत होते, नाक वाहत होतं. लांब गाड्यांपाशी माणसं सूप पीत उभी होती. एका गोलपाशी लास्लो एकटाच जाळ्याशी झगडत होता. एक टोक उचललं की दुसरं गवतात अडकायचं. मी नेहमीच्या जागी येऊन थांबले. रेषा पुसट झाली होती. अख्खा मोसम मी तिच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आता खेळ नव्हता, पंच नव्हता. मी ती ओलांडली आणि सरळ मैदानातून चालत गेले.

लास्लोनं बघितलं. जाळ्याचं एक टोक माझ्याकडे फेकलं. घरी आई आणि मी गोधडीची घडी करायचो तशी आम्ही त्याची घडी करायला लागलो. दोघांनी ताणायचं, टोकाला टोक लावत समोरासमोर यायचं, पुन्हा मागे जायचं. तिसऱ्या घडीला आमचे हात जवळ आले.

"दोन फूट ऑफसाइड होता," लास्लो जाळ्याकडे बघत पुटपुटला. "मलाही दिसलं."

"एक," मी म्हटलं. "एकच फूट."

त्यानं मान वर केली आणि त्याला हसू आवरेना. "कशी आलीस?"

"चालत."

तो माझ्या बुटांकडे बघत राहिला. मग जाळं काखेत मारून म्हणाला, "मार्चमध्ये बर्फ गेलं की मैदान करायला यायचं. चालत येणार असलीस तर जरा लवकर निघ." गाड्यांपाशी गेल्यावर मानुएलनं खुर्ची उघडली. इलोनानं सुपाचा कप माझ्या हातात दिला आणि तो हात बराच वेळ सोडला नाही. सूप अगदीच सपक होतं. मी दोन कप प्यायले आणि त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. परत सोडते म्हणाली इलोना. मी नको म्हटलं.

श्रीला रात्री सगळं सांगितलं, पोलिसासकट. ग्रीन कार्ड यायला पुढे बराच काळ गेला, पण कारची किल्ली त्या हिवाळ्यातच माझ्या हातात आली. शिकताना आम्ही इतके भांडलो की लग्न टिकलं हेच नवल.

ते शेत आता नाही. म्हातारा गेला, जमीन विकली गेली, तिथे घरं झाली. क्लब इकडून तिकडे हिंडत शेवटी लहान मुलांचा झाला आणि आमच्या मागच्या मैदानावर आला. मुलांच्या छातीवर अजून ती तपकिरी खूण असते. एकदा मी एका पोराला विचारलं, "व्हॉट इज दॅट?" तो म्हणाला, "आय डोन्ट नो. अ बीन?"

आज शनिवार. मैदान घरामागेच, पण माझ्या या पायांना ते तेव्हाच्या त्या मैदानाइतकंच लांब आहे. वॉकर घेऊन थोडं चालायला थेरपिस्टची परवानगी आहे. किती, ते मी नीटसं विचारलं नाही. मी श्रीला बूट मागितले.

"अगं, सामना दहाला आहे," श्री म्हणाला. "आत्ता कुठे आठ वाजतायत."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि दार उघडायला सांगितलं.